ईएसडी मॅट आणली, पण तिचा अर्थ (अर्थिंग) कुठे द्यायचा? (ऐरोली, जुनं रो-हाउस)

ऐरोलीची_असेंब्ली

नमस्कार. ऐरोलीत आमचं सिडकोचं जुनं रो-हाउस आहे. खालच्या खोलीत मी आणि दोन मावशी मिळून पाण्याच्या टाकीच्या लेव्हल कंट्रोलरचे बोर्ड भरतो. माल रबाळ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीला जातो. पावसाळ्यात काही तक्रार नसते. दिवाळी उलटली, दुपारचे कोरडे वारे सुटले की परत येणारे बोर्ड वाढतात. गेल्या हिवाळ्यातही तेच, यंदाही तेच. आमच्याकडून तपासून, चालवून गेलेला बोर्ड तिकडे बसवला की काही दिवसांत गप्प होतो. उघडून पाहिलं तर बहुतेक वेळा रिलेच्या आधीचा बारका मॉस्फेट (रिले चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर), २एन७००२, गेलेला असतो. गेट आणि सोर्स आतून शॉर्ट. कधी मायक्रोकंट्रोलरची सेन्सरकडची पिन मेलेली.

कंपनीचे क्वालिटीवाले साहेब येऊन टेबलावरचा सनमायका, मावशींच्या सिंथेटिक साड्या, बोर्ड ठेवायचे थर्माकोलचे खोके बघून गेले. ईएसडीची, म्हणजे स्टॅटिकच्या ठिणगीपासून बोर्ड वाचवायची, व्यवस्था करा, मग पुढची ऑर्डर, असं सांगितलं. म्हणून लॅमिंग्टन रोडवरून हिरवी मॅट आणि तीन रिस्ट स्ट्रॅप, म्हणजे मनगटाला बांधायचे वायरवाले पट्टे, आणले. मॅटला वायर आहे, वायरच्या टोकाला रिंग. ती कशाला जोडायची इथे गाडी अडलीय.

आमचा वायरमन म्हणतो, मागच्या अंगणात वेगळी सळई ठोकू, इलेक्ट्रॉनिक्सचा अर्थ घराच्या अर्थपासून लांबच हवा. शेजारी म्हणतात नळाला बांध. शिवाय एक मावशी पट्टा घालायलाच तयार नाहीत. हाताला तार बांधून घ्यायची आणि करंट आला तर, असं त्यांचं म्हणणं, आणि मला त्यांना नीट उत्तर देता आलं नाही. त्यांच्या दोन्ही हातांत काचेच्या हिरव्या बांगड्या असतात, त्या त्या काढणार नाहीत, मी काढायला सांगणारही नाही.

अजून एक. प्रोग्रॅमिंगचा लॅपटॉप चार्जिंगला असला की त्याच्या कडेला हात लागल्यावर झिणझिण्या येतात. ही पण स्टॅटिकच का?

तुर्भे_हॉबी

ताई, मॅट महाग पडते. मी टेबलावर स्टीलचा पत्रा टाकलाय, त्याला तार लावून थ्री-पिनच्या अर्थला दिलीय. धातूपेक्षा चांगला कंडक्टर कोणता असणार?

महापे_लाइन_टेस्टर

ऐरोलीच्या ताई, तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत. माझी सगळी नोकरी इथल्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात असेंब्ली लाइनच्या टेस्टिंगवर गेली, आता निवृत्त आहे. मॅट अंथरलेली आणि तिची वायर टेबलाखाली नुसती लोंबकळतेय, असं मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की तुमचा प्रश्न वाचून समाधान वाटलं.

आधी सळईचं. वेगळी सळई ठोकू नका. आपल्याला इथे जमिनीशी काही देणंघेणं नाही. आपल्याला एवढंच हवंय की तुमचा हात, मॅट, सोल्डरिंग आयर्नचं टोक आणि बोर्ड, सगळे एकाच पातळीवर असावेत, म्हणजे एकातून दुसऱ्यात उडी मारायला चार्जला कारणच उरत नाही. तुमची सोल्डरिंग स्टेशन थ्री-पिनमधून घराच्या अर्थवर असेल आणि मॅट अंगणातल्या सळईवर, तर तुम्ही एकाच टेबलावर दोन वेगळ्या पातळ्या उभ्या केल्यात. घरात कुठे गळती झाली किंवा जवळ वीज पडली की त्या दोघांत फरक पडणार, आणि मधोमध तुमचा बोर्ड. वायरिंगचा जो हिरवा अर्थ प्लगच्या वरच्या जाड पिनेला येतो, तोच मॅटचा अर्थ. काही कारणाने वेगळी सळई असलीच, तर ती घराच्या अर्थला जोडून घ्यायची आणि दोघांमधला रेझिस्टन्स २५ ओहमच्या आत आणायचा, असा मानकाचा दंडक आहे.

नळाचा विचार सोडून द्या. पूर्वी जीआय पाइप जमिनीतून यायचे, तेव्हा लोक बांधायचे. आता मध्येच कुठेतरी सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा, तुकडा घातलेला असतो आणि नळ हवेत लटकत असतो. उलट गीझरमधून गळती झाली तर तो नळच तुमच्या मॅटला करंट देईल.

आता मावशींची शंका. ती रास्त आहे आणि तिचं उत्तर पट्ट्याच्या वायरमध्येच आहे. पट्ट्याच्या बटणापाशी जो जाडसर भाग दिसतो, त्याच्या आत १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो. समजा पट्टा घातलेल्या हाताने चुकून २३० व्होल्टला स्पर्श झाला. पट्ट्यातून वाहणारा करंट २३० भागिले दहा लाख, म्हणजे ०.२३ मिलीअँपिअर. माणसाला मुंग्या जाणवायला साधारण अर्धा मिलीअँपिअर लागतो. स्टॅटिक चार्ज मात्र त्या १ मेगाओहममधून डोळ्याचं पातं लवायच्या आत निघून जातो. मावशींना मीटर लावून तो रेझिस्टर दाखवा. पट्ट्याच्या आतल्या पत्र्याला एक प्रोब, वायरच्या दुसऱ्या टोकाला दुसरा. मीटर १ मेगाओहमच्या आसपास दाखवेल. शून्य दाखवला तर तो पट्टा फेकून द्या, त्यात रेझिस्टरच नाही आणि तो खरंच धोक्याचा आहे. बाजारात बिनवायरचा पट्टाही मिळतो. तो कधीही घेऊ नका, चार्ज जायला वाटच नसते त्याला.

पण एक गोष्ट अगदी कडक पाळा. तुमच्या कंट्रोलरमध्ये रिले आहे, म्हणजे बोर्डवर २३० व्होल्ट येतात. मेन्स जोडून टेस्ट करताना पट्टा काढायचा, आणि ते काम त्या मॅटवर करायचंच नाही. लाइव्ह टेस्टसाठी कोपऱ्यात वेगळं लाकडी टेबल ठेवा. स्वतःला मुद्दाम अर्थ करून लाइव्ह बोर्डात हात घालणं कुठल्याच रेझिस्टरच्या भरवशावर करू नये.

बांगड्यांचं. पट्टा मनगटावरच हवा असं काही नाही. त्याचा पत्रा कातडीला घट्ट टेकलेला हवा, एवढंच. बांगड्यांच्या वर, कोपराच्या खाली, जिथे हात जरा भरीव असतो तिथे बांधा. ब्लाउजच्या बाहीवरून नाही. मग पट्ट्याची वायर मीटरच्या एका प्रोबला लावा आणि दुसरा प्रोब मावशींनी चिमटीत घट्ट धरायचा. माणूस, पट्टा, वायर सगळं मिळून ३५ मेगाओहमच्या आत यायला हवं. ही मर्यादा आयईसी ६१३४०-५-१ आणि एएनएसआय/ईएसडी एस२०.२० या दोन्ही मानकांत आहे. हिवाळ्यात कातडी कोरडी पडते तेव्हा आकडा वर जातो. थोडं पाणी लावून हात चोळला की खाली येतो.

तुर्भ्याच्या दादा, पत्रा नको, खरंच काढा. माणसाच्या हातून होणारं नुकसान ही अर्धीच गोष्ट. बोर्ड स्वतः चार्ज झालेला असतो, थर्माकोलमधून काढला, प्लास्टिकच्या ट्रेवर घासला की झाला. असा बोर्ड अर्थ केलेल्या पत्र्यावर ठेवलात की पहिली पिन टेकताक्षणी सगळा चार्ज एका झटक्यात त्या एका पिनेतून जातो. आयसीला मारणारा तोच झटका, आणि त्या वेळी तुम्ही पट्टा घातलेला असला तरी उपयोग नाही. मॅट म्हणूनच मुद्दाम कंडक्टर करत नाहीत. वरचा रंगीत थर साधारण दहा लाख ते शंभर कोटी ओहमचा, खाली काळा कंडक्टिव्ह थर. चार्ज वरच्या थरातून सावकाश उतरतो आणि खालच्या थरातून पसार होतो. ताई, तुमच्या मॅटच्या वरच्या बाजूला साध्या मीटरने काहीच वाचन आलं नाही तर घाबरू नका, ती मोजायला १०० व्होल्टवर चालणारा मीटर आणि सव्वादोन किलोची दोन गोल वजनं लागतात. कडेला खालचा काळा थर मात्र साध्या मीटरलाही दिसायला हवा. दोन्ही बाजूंनी एकच रंग आणि कुठेच वाचन नाही, अशी मॅट म्हणजे हिरवं रबर.

लॅपटॉपच्या झिणझिण्या स्टॅटिक नाहीत. दोन पिनांच्या चार्जरमध्ये मेन्सच्या बाजूकडून आउटपुटकडे एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून किंचित एसी गळतो. मीटरने लॅपटॉपच्या धातूपासून अर्थपर्यंत मोजलंत तर शंभरच्या आसपास एसी व्होल्ट दिसतील. माणसाला त्याचा त्रास नाही, बोर्डाला आहे. लॅपटॉपला यूएसबीने जोडलेल्या बोर्डवर अर्थ केलेलं सोल्डरिंग आयर्न टेकवलंत की ती गळती तुमच्या मायक्रोकंट्रोलरच्या पिनेतून वाट काढते. प्रोग्रॅमिंग आणि सोल्डरिंग एकाच वेळी नको. तीन पिनांचा चार्जर मिळाला तर उत्तम.

आणि हो, सगळ्यात आधी थ्री-पिनमध्ये अर्थ खरंच आहे का ते बघा. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ, तिन्ही मोजून इथे लिहा. प्रोबच्या धातूला बोट लावू नका. शेवटचं माप दोनदा घ्या, एकदा सगळं बंद असताना आणि एकदा त्याच बोर्डावर इस्त्री चालू करून.

ऐरोलीची_असेंब्ली

काका, इतकं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. मावशींना रेझिस्टर दाखवला, आता त्याच दुसरीला समजावून सांगतायत. कोपराखाली बांधल्यावर त्यांचं वाचन ६ मेगाओहमच्या आसपास आलं.

सॉकेटची मापं: फेज-न्यूट्रल २३४, फेज-अर्थ २३४, न्यूट्रल-अर्थ ०.०. इस्त्री चालू केली तरी ०.०. म्हणजे अर्थ एकदम छान आहे ना? जोडून टाकू मॅट?

महापे_लाइन_टेस्टर

थांबा. जोडू नका, आणि त्या सॉकेटला सध्या धातूच्या बॉडीचं काही लावू नका.

इस्त्री चालू झाली की न्यूट्रलच्या वायरमधून चार-पाच अँपिअर वाहतात, त्या वायरला स्वतःचा रेझिस्टन्स असतो, त्यामुळे न्यूट्रल अर्थच्या तुलनेत थोडा तरी वर उचलला जातो. अर्धा व्होल्ट, एक व्होल्ट, काहीतरी दिसायलाच हवं. ते हललंच नाही याचा अर्थ मला एकच दिसतो: सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थच्या पिना वायरच्या तुकड्याने एकमेकींना जोडल्यात. वायरमनला मेन बंद करून सॉकेट उघडायला सांगा. स्वतः उघडू नका.

कळवा_वायरमन

काकांनी बरोबर ओळखलंय. जुन्या घरांत हे मी कायम बघतो. अर्थची वायर कुठेतरी तुटलेली किंवा टाकलेलीच नसते, टेस्टर लावला की गिऱ्हाईक ओरडतं, मग कोणीतरी सॉकेटमध्ये न्यूट्रलवरून अर्थला उडी मारून देतो. मीटरला सगळं झकास दिसतं. पण वरती कुठे न्यूट्रल सुटला तर त्या अर्थच्या पिनेवर पूर्ण २३० येतात. फ्रिज, मशिन, ताईंच्या टेबलाची लोखंडी फ्रेम, सगळं जिवंत. पट्ट्यात १ मेगाओहम आहे म्हणून मावशी वाचतील, फ्रिजच्या दांड्यात काही नसतं.

आणि ज्यांना वाटतं आमच्याकडे आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आहे, त्यांच्यासाठी. ही उडी आरसीसीबीच्या पुढे मारलेली असेल आणि खरा अर्थ नसेल, तर गळतीचा करंट न्यूट्रलमधूनच परत जातो. जाणारा आणि येणारा करंट सारखाच, म्हणून आरसीसीबीला पत्ताच लागत नाही, तो ट्रिप होत नाही.

ताई, करायचं ते असं. ती उडी काढा. अंगणात सळई ठोकायचीच आहे, पण टेबलासाठी नाही, अख्ख्या घरासाठी. अडीच-तीन मीटरची कॉपर बाँडेड रॉड घ्या. ऐरोलीत खाडीकडच्या बाजूला जमीन खारट आणि ओलसर, त्यामुळे रेझिस्टन्स झकास मिळतो, पण साधा जीआय पाइप काही वर्षांत गंजून वरच्यावर तुटतो, आणि वरून कळतही नाही. (इकडे ठाण्याला येऊरच्या पायथ्याला उलटं, काळा पत्थर लागतो, रॉड आत जाता जात नाही.) रॉडवर चेंबर करून घ्या, म्हणजे क्लॅम्प बघता येतो. तिथून मीटर बोर्डाजवळच्या अर्थच्या पट्टीवर यायचं आणि पट्टीवरून प्रत्येक सॉकेटला हिरवी वायर. रॉडचं माप अर्थ टेस्टरने घ्यायला लावा, नुसतं बल्ब लावून दाखवणाऱ्याला पैसे देऊ नका. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर याच खर्चात बसवून घ्या.

घणसोली_डिझाइन

अर्थ होईलच, पण सगळं खापर स्टॅटिकवर फोडण्याआधी मेलेले बोर्ड दोन ढिगांत वेगळे करा. सेन्सरची वायर गच्चीवरच्या टाकीपर्यंत जाते ना? तिथे जून आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात जे मरतं ते सर्जने (विजेमुळे वायरमध्ये येणाऱ्या व्होल्टेजच्या झटक्याने) मरतं, मॅटचा त्याच्याशी संबंध नाही. त्या पिनेला १ किलोओहमचा सीरिज रेझिस्टर आणि टीव्हीएस डायोड (असा झटका अडवणारा) लावून घ्या, काही रुपयांचं काम आहे.

२एन७००२ चं मात्र मला पटतं. त्याच्या गेटची मर्यादा २० व्होल्ट. माणसाला ठिणगी जाणवते ती साधारण तीन हजार व्होल्टला. म्हणजे जाणवत नाही अशा किती ठिणग्यांना तो मरू शकतो बघा. शिवाय स्टॅटिकने गेटखालचा ऑक्साइडचा पातळ थर पूर्ण न फुटता नुसतं अधू झालं तर तुमच्या टेस्टमध्ये बोर्ड पास होतो आणि गिऱ्हाइकाकडे जाऊन मरतो. तुम्ही लिहिलंय ते हुबेहूब हेच.

ऐरोलीची_असेंब्ली

वायरमनने सॉकेट उघडलं. काळ्या वायरचा बोटभर तुकडा, न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत. स्वयंपाकघरातल्या सॉकेटमध्येही तसाच. मुलं तिथे पाणी पिताना फ्रिजला टेकून उभी असतात. मला रात्रभर झोप लागली नाही. कळव्याच्या दादांनी लिहिल्याप्रमाणे रॉड आणि आरसीसीबी बसला. आता न्यूट्रल-अर्थ ०.३, इस्त्री लावली की १.१.

आता टेबलावर जोडणी कशी करू? मॅटच्या बटणालाच तिन्ही पट्टे अडकवले तर चालतील?

महापे_लाइन_टेस्टर

०.३ आणि १.१ वाचून फार बरं वाटलं. पोरांच्या दृष्टीने हे काम ऑर्डरपेक्षाही मोठं झालं.

टेबलाच्या मागच्या कडेला पितळेची एक छोटी पट्टी स्क्रूने बसवा. एक हिरवी-पिवळी वायर सॉकेटच्या अर्थपासून त्या पट्टीपर्यंत. सॉकेटच्या भोकात वायर खुपसायची नाही, वायरमनकडून आतल्या अर्थच्या स्क्रूवरून बाहेर काढून घ्यायची. मग प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे पट्टीवर आणायची: मॅटची रिंग, तिन्ही पट्ट्यांचे तीन सॉकेट, टेबलाची लोखंडी फ्रेम. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं असं ओवायचं नाही. पट्टे मॅटच्या बटणाला लावलेत आणि मॅटची वायर सैल झाली तर तिघींचाही अर्थ एकदम तुटतो, आणि कुणाला कळतही नाही. सोल्डरिंग स्टेशन तिच्या थ्री-पिनमधूनच अर्थ होते, फक्त टोकापासून अर्थच्या पिनेपर्यंत मीटर लावून २ ओहमच्या आत येतंय ना ते बघा. टोकावर काजळी धरली की हा आकडा चढतो. आणि दोन पिनांचं साधं आयर्न कुठे असेल तर ते या टेबलावरून उचला.

आता थर्माकोल, सेलोटेप, बबल रॅप, कागदांची प्लास्टिकची पाकिटं. यांना अर्थ करता येत नाही, कितीही तार लावा, चार्ज जागेवरून हलतच नाही. त्यामुळे ती बोर्डापासून फूटभर तरी लांब, शक्यतो खोलीच्याच बाहेर. सेलोटेप ओढताना हजारो व्होल्ट तयार होतात, तेवढी एक सवय बदललीत तरी फरक पडेल. साड्यांवर सुती अ‍ॅप्रन घालायला द्या. नुसत्या सुती अ‍ॅप्रनने प्रश्न मिटत नाही, पण सिंथेटिक पदर बोर्डावरून फिरायचा थांबतो. बोर्ड पाठवताना गुलाबी पिशवी पुरेशी नाही. ती स्वतः चार्ज होत नाही एवढंच, बाहेरच्या ठिणगीपासून वाचवत नाही. चंदेरी शील्डिंगची पिशवी घ्या, आणि तिला भोक पडलं असेल तर पुन्हा वापरू नका.

मॅट ओल्या फडक्याने आणि सौम्य साबणाने पुसा. घरातलं चकचकीत करणारं लिक्विड नको, त्यातलं सिलिकॉन वर थर धरतं आणि मॅट बाद होते.

ऐरोलीची_असेंब्ली

पट्टी बसवली, थर्माकोल माळ्यावर गेला. क्वालिटीवाले साहेब पुढच्या आठवड्यात येतील. त्यांना दाखवायला काही लिहून ठेवावं लागेल का? आणि पावसाळ्यात पट्टा नाही घातला तर चालेल का, मावशी विचारतायत.

महापे_लाइन_टेस्टर

एक साधी वही करा. तारीख, नाव, सकाळी पट्टा घालून आलेलं वाचन, सही. ३५ च्या वर गेलं किंवा मीटर काहीच दाखवेना, तर आधी हात ओला करून बघायचं, तरी नाही जमलं तर त्या दिवशी नवा पट्टा. वायर बटणापाशी आतून तुटते, बाहेरून धडधाकट दिसते, म्हणून रोज बघायचं. महिन्यातून एकदा सॉकेटचं न्यूट्रल-अर्थ माप, इस्त्री लावून, त्याच वहीत.

पावसाळ्यातही घालायचा. दमट हवेत चार्ज कमी साठतो, पण साठतो, आणि २० व्होल्टच्या गेटला कमीसुद्धा पुरतो. एसी लावून काम करत असाल तर खोलीतली हवा बाहेरच्यापेक्षा कोरडीच असते. मावशींना सांगा, पट्टा बाराही महिने.